वाफेचा हत्ती आणि पेशवाई पगडी

गेल्या अंकांत आम्हीं वाचकांस असें आश्वासन दिलें होतें कीं, लग्नपत्रिकांतील संस्कृताची जी दुर्दशा हल्लीं चालली आहे तिच्याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहूं. तें लिखाण तयारही होतें. परंतु सध्यां आमचा मुक्काम विलायतेंत चिरंजीवांकडे आहे, आणि येथें गेल्या पंधरवड्यांत असें कांहीं घडलें कीं, लग्नपत्रिकांतील विसर्ग आणखी एक महिना भलत्या जागीं राहिले तरी चालेल असें आम्हांस वाटूं लागलें. खेळण्यांचा विषय प्रौढांच्या सदरांत आलेला पाहून कोणास नाक मुरडावेंसें वाटलें, तर त्यांनीं तें खुशाल मुरडावें. पंधरा दिवसांपूर्वीं आम्हीं स्वतः तेंच केलें असतें.

चिरंजीव लंडनच्या नैर्ऋत्येस, आगगाडीनें अर्ध्या तासाच्या वाटेवर, वोकिंग नांवाच्या गांवीं राहतात. त्यांच्या घराच्या माडीवर एक खोली आहे. आम्ही आलों त्या दिवशीं तिचें दार लोटलेलें होतें, आणि सूनबाईंनीं, ‘अण्णा, तिकडे जरा जपून जा हं, मेजाला धक्का लागतां कामा नये,’ असें बजावून सांगितलें होतें. आम्हांस वाटलें, आंत देवघर असावें. दार उघडून पाहतों तों सहा फूट लांब व चार फूट रुंद अशा मेजावर इंग्लंडांतील एक खेडें वसलेलें! चर्चचा टोकदार मनोरा, झुडपांचीं कुंपणें, ओढ्यावरील दगडी पूल, आणि पुलाच्या अलीकडे तांबड्या डगल्यांतील पलटण बंदुका रोंखून उभी. पलीकडे मात्र तीन लांब पायांचें एक लोखंडी धूड झाडांच्या वर डोकें काढून उभें होतें, आणि त्याहूनही वर, तारेच्या आधारानें तोललेलें, तांब्याच्या रंगाचें एक हवेंतलें जहाज. एकेक माणूस अठ्ठावीस मिलिमीटर उंच, म्हणजे सव्वा इंचाहूनही कमी. घोड्यावर बसलेल्या एका अंमलदाराच्या मिशांना पीळ दिलेला होता. तो दिसावा म्हणून आम्हांस चष्मा दोनदां पुसावा लागला.

हा पसारा आमच्या नातवाचा, असें आम्हांस सांगण्यांत आलें. वय वर्षें तेरा. मराठी बोलतो, पण शब्द शोधीत शोधीत, अनवाणी पायांनीं खडीवरून चालल्यासारखा.

ह्या छंदास इकडे ‘व्हिक्टोरियन सायन्स फिक्शन’ असें लांबलचक नांव आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींतील लेखकांनीं जीं यंत्रें केवळ कल्पनेनें रचिलीं, तीं त्या काळीं खरोखरच निर्माण झालीं असतीं तर जग कसें चाललें असतें, हा त्याचा मूळ प्रश्न. आणि तो कागदावर न सोडवितां मेजावर, मापपट्टी आणि फांसे हातांत घेऊन, दोघांतिघांनीं मिळून सोडवावयाचा. याच्याच शेजारच्या वाङ्मयास १९८७ सालीं एका अमेरिकन कादंबरीकारानें थट्टेनें ‘स्टीमपंक’ असें नांव ठेविलें, आणि थट्टेंतलीं नांवें चिकटतात तसें तें चिकटलें.

शिपाई विकत मिळतात ते धातूच्या रंगाचे, उघडे. पूर्वीं ते शिशाचे असत. शिसें प्रकृतीस बाधतें म्हणून आतां बहुधा कथिलाच्या मिश्रणाचे किंवा प्लॅस्टिकचे करतात, आणि अलीकडे कांहीं लोक घरच्या घरीं त्रिमिती छपाईच्या यंत्रावरही काढतात. सांच्याच्या कडेनें राहिलेला जास्तीचा धातु कानशीनें घासावयाचा, शिपाई साबणाच्या पाण्यानें धुवावयाचा, अस्तराचा रंग द्यावयाचा, मग केंसाएवढ्या टोंकाच्या कुंचल्यानें डगला, पट्टा, गुंड्या. सर्वांत शेवटीं एक गडद पातळ रंग असा सोडावयाचा कीं, तो वस्त्राच्या चुण्यांत उतरून राहील व उंचवटे आपोआप उजळ दिसतील. एका शिपायास दोन-तीन तास सहज लागतात. किंमत दोन-तीन पौंड. आमच्या मंडळींनीं ती एकदां रुपयांत करून पाहिली आणि पुन्हां केली नाहीं.

हा निव्वळ पोरखेळ म्हणावा, तर ह्याचा आद्य आचार्य पोर नव्हता. १८९३ सालीं इंग्लंडांत विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली. वितळलेलें शिसें सांच्यांत ओतावयाचें, बाहेरची साल थिजली कीं आंतील शिसें पुन्हां ओतून काढावयाचें. शिपाई हलका आणि स्वस्त. अशा रीतीनें तो मध्यम स्थितींतील घरांत शिरला, आणि असाच एच. जी. वेल्स यांच्या सँडगेट येथील घरींही शिरला. वेल्स यांना दोन लहान मुलगे होते. एके दिवशीं जेवणानंतर त्यांच्या एका लेखक मित्रानें मुलांच्या स्प्रिंगच्या तोफेनें एक शिपाई नेम धरून पाडला, आणि त्या दिवसापासून मोठ्या माणसांची जी खोड जडली तिचें पर्यवसान १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ ह्या पुस्तकांत झालें. चाळिशी ओलांडलेला, कीर्तिशिखरावर असलेला ग्रंथकार जमिनीवर पालथा पडून नियम करतो आहे: पायदळानें एका पाळींत एक फूट जावें, घोडदळानें दोन, चाल ठराविक मिनिटांत आटोपावी, तोफेची गोळी खरोखर उडवावी आणि पडेल तो मेला. नशिबाच्या फांशांस त्यांनीं थारा दिला नाहीं. पुस्तकाच्या मथळ्यांतच त्यांनीं तें बाराव्या वर्षापासून दीडशेव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठीं असल्याचें नमूद केलें आहे, तेव्हां आम्ही अद्यापि त्या हिशेबानें निम्म्यालाही पोंचलों नाहीं.

त्याच पुस्तकाच्या अखेरीस वेल्स मोठ्या युद्धाविषयीं बोलतात. खेळांतल्या युद्धांत जर एवढा गोंधळ उडतो तर खऱ्यांत काय होत असेल, असा त्यांचा रोंख. युद्धाची खुमखुमी असणाऱ्या मुत्सद्द्यांस आणि सेनापतींस भरपूर खेळणीं देऊन एका खोलींत कोंडावें, अशीही त्यांची सूचना आहे. ती कोणीं मनावर घेतली नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९१४ सालीं, पहिलें महायुद्ध पेटलें. चमत्कार असा कीं, चिलखती रणगाड्याची कल्पना ह्याच वेल्स यांनीं १९०३ सालीं एका गोष्टींत रंगविली होती आणि १९१६ च्या सप्टेंबरांत फ्रान्सच्या रणभूमीवर ती लोखंडाची होऊन चालूं लागली.

येथवर लिहून आम्ही दोन दिवस थांबलों, कारण पुढील मजकूर ह्या सदरांत घालावा कीं नाहीं हें ठरेना. घालीत आहों.

सन १९९६ ची दिवाळी. चिरंजीव तेव्हां बारा वर्षांचे. अंगणांत त्यांनीं मातीचा किल्ला केला होता. अळीव पेरून हिरवळ, गेरूनें रंगविलेले बुरूज, बाजारांतून आणलेले मातीचे मावळे, सिंहासनावर महाराज. येथवर सर्व शास्त्रशुद्ध. परंतु बालेकिल्ल्यावर काठीस दोरा बांधून त्यांनीं पुठ्ठ्याचें एक विमान टांगलें होतें, त्यांत दोन मावळे बसविले होते, आणि विमानाच्या नाकाशीं विजेरीचा लहानसा दिवा तोफेसारखा लाविला होता. आम्ही तेव्हां शाळेंत संस्कृताबरोबर इतिहासही शिकवीत असूं. पाडव्यास दोन सहाध्यापक फराळास आले. किल्ला पाहून ते मोठ्यानें हंसले, आणि एक म्हणाले, ‘गुरुजी, तुमच्या घरचा इतिहास बराच उंच उडाला कीं!’ पाहुणे गेल्यावर आम्हीं तें विमान खालीं ओढलें, इतिहासाची विटंबना ह्या विषयावर एक व्याख्यान दिलें, आणि न्हाणीघरांत बंब पेटलेला होता त्यांत तें घातलें. आंत बसलेले मावळेही त्याबरोबर गेले. मातीचे असल्यामुळें ते जळाले नाहींत. दुसऱ्या दिवशीं राखेंत काळे होऊन सांपडले. चिरंजीव रडले नाहींत. पुढच्या वर्षीं त्यांनीं किल्ला केला नाहीं, त्याच्या पुढच्या वर्षींही नाहीं, आणि मुलगा अभ्यासास लागला असा आम्हीं त्याचा अर्थ केला.

तेव्हां त्या माडीवरच्या खोलींत, इंग्लंडच्या इतिहासावर तांब्याचें जहाज टांगलेलें पाहून आमच्या मनांत प्रथम काय आलें असेल तें वाचकांनींच ताडावें.

आतां वोकिंग गांवाविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. वेल्स ह्याच गांवीं १८९५-९६ च्या सुमारास बिऱ्हाड करून होते. सायकलीवर बसून ते आसपासचा मुलूख पाहत, आणि कोणतें घर, कोणता रस्ता मंगळावरील स्वारीनें उद्ध्वस्त करावयाचा तें हेरून ठेवीत. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही त्यांची कादंबरी १८९७ सालीं मासिकांतून व १८९८ सालीं पुस्तकरूपानें निघाली. तींत मंगळवासीयांचें पहिलें नळकांडें उतरतें तें येथल्या हॉर्सेल कॉमन नांवाच्या माळावरील वाळूच्या खाणींत. पुस्तकास शंभर वर्षें झालीं तेव्हां, १९९८ सालीं, गांवानें भर बाजारांत त्या त्रिपाद यंत्राचा पोलादी पुतळा उभारला. आपल्या गांवाचा ज्यानें कादंबरींत विध्वंस केला त्याचा असा गौरव करणारे लोक विरळा.

ह्या कादंबरीचें बीज, वेल्स यांच्या बंधूंनीं फिरतां फिरतां काढलेल्या एका उद्गारांत आहे. टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा गोऱ्या वसाहतवाल्यांनीं जो निःपात केला त्याचा विषय निघाला होता. आकाशांतून कोणी असेच येथें उतरले तर, असें ते बंधु म्हणाले. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणांत टास्मानियाचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे इंग्रजानें इंग्रजांस, पराजिताच्या जागीं उभें राहून स्वतःकडे पाहावयास लाविलें. नातवाच्या मेजावरील तांबड्या पलटणीकडे आम्ही त्या दृष्टीनें पाहूं लागलों तेव्हां ती आम्हांस बरीच केविलवाणी दिसली.

पण मंगळाचा दुसराही एक खेळ आहे, आणि तो आम्हांस अधिक बोंचला. १८७७ सालीं स्कियापरेल्ली ह्या इटालियन ज्योतिष्यानें मंगळावर रेषा पाहिल्या, त्यांस इंग्रजींत ‘कालवे’ म्हटलें गेलें, आणि कालवे म्हटल्यावर ते खोदणारे कोणी असलेच पाहिजेत, असें लोवेल नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें पुस्तकेंच्या पुस्तकें लिहून प्रतिपादिलें. १९६५ सालीं मरिनर यानानें छायाचित्रें पाठविलीं तेव्हां कालवे कोठेंच नव्हते. तथापि १९८८ सालीं फ्रँक चॅडविक यांनीं अमेरिकेंत ‘स्पेस १८८९’ नांवाचा जो खेळ रचिला, त्यांत कालवे आहेत, कालव्यांकांठीं जुनीं वैभवशाली नगरें आहेत, आपसांत भांडणारे राजे आहेत. १८७० सालीं एडिसन मंगळावर जाऊन येतो आणि मागोमाग युरोपांतील राष्ट्रें तेथें वखारी, पलटणी व रेसिडेंट घेऊन पोंचतात. नियमपुस्तकांतील चित्रें नातू उत्साहानें दाखवीत होता. जुनी संस्कृति, फुटीर राजे, सुधारणा घेऊन आलेले तांबडे डगले! आम्हीं त्यास म्हटलें, ‘बाळ, हा ग्रह आम्हांस ठाऊक आहे. आमचा जन्म तेथलाच.’ त्यास तें कळलें नाहीं. खालून चहा घेऊन आलेले चिरंजीव मात्र गालांतल्या गालांत हंसले.

आणि मग एके दिवशीं संध्याकाळीं नातवानें कपाटांतून हत्ती काढला.

ज्यूल व्हर्न यांची १८८० सालची एक कादंबरी आहे, ‘वाफेचें घर’. व्हर्न हिंदुस्थानांत कधींच आले नाहींत. परंतु त्यांनीं असें कल्पिलें कीं, एक इंग्रज इंजिनियर भूतानच्या राजासाठीं पोलादाचा, वाफेवर चालणारा हत्ती बनवितो, त्याच्या मागें चाकांवरचीं दोन घरें जोडतो, आणि हें लटांबर घेऊन साहेबमंडळी कलकत्त्याहून उत्तर हिंदुस्थानांत सफरीस निघतात. हत्ती सोंडेंतून धूर सोडतो. छंदवाल्यांत ह्या हत्तीची फार चहा आहे. नातवाचा हत्ती वीतभर उंच होता. पायांच्या सांध्यांत दट्टे, गंडस्थळावर रिव्हेटांच्या ओळी, झूल मात्र अस्सल जरतारी.

यांत्रिक हत्ती आम्हांस नवा नव्हता. उज्जयिनीच्या चंडमहासेनानें वत्सराज उदयनास धरण्यासाठीं वनांत कृत्रिम हत्ती उभा केला, त्याच्या पोटांत योद्धे लपविले, आणि वीणा वाजवीत जवळ गेलेला राजा आयताच हातीं लागला, ही कथा कथासरित्सागरांत आहे. भासाच्या नांवावरील प्रतिज्ञायौगंधरायण नाटकाचा पायाही तोच. भोजाच्या समरांगणसूत्रधारांत तर पाऱ्याच्या शक्तीनें उडणारें लांकडी विमान आहे. हें सर्व आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत रंगवून सांगितलें. १९९६ सालींही सांगितलें असेल. बंब पेटलेला असतांना तें आठवलें नाहीं एवढेंच.

हत्तीसमोर नातवानें एक माणूस ठेविला. हातांत तलवार, अंगांत हिरवा अंगरखा, डोक्यास पठाणी धाटणीचें मोठें फेटेवजा पागोटें, आणि दात विचकलेले. ‘आजोबा, हा नानासाहेब. हा व्हिलन आहे.’

व्हर्न यांच्या कादंबरींत तसेंच आहे. कानपूरच्या कत्तलीचा सूड घेऊं पाहणारा कर्नल मन्रो एकीकडे, आणि नानासाहेब पेशवे दुसरीकडे. विशेष हें कीं, १८७५ सालीं पूर्ण झालेल्या दुसऱ्या एका कादंबरींत ह्याच व्हर्न यांनीं पाणबुडीवाला कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र असल्याचें उघड केलें होतें. तोही सत्तावन्नच्या युद्धांत इंग्रजांविरुद्ध लढलेला; तो मात्र थोर, उदार, विद्वान्. पांच वर्षांत त्याच लेखणीस ब्रह्मावर्ताच्या धन्याविषयीं एवढी दया राहूं नये? कानपुरास बीबीघरांत इंग्रज बायकामुलांचा संहार झाला ही गोष्ट खरी आहे, आणि ती आम्हीं वर्गांत कधीं लपविली नाहीं. तिची आज्ञा कोणाची ह्याचा वाद आहे, आणि त्यानंतर जनरल नीलनें सूडापायीं जें केलें तेंही खरें आहे. परंतु बाजीरावाचा दत्तक पुत्र म्हणजे दात विचकणारा पठाण हें कोणत्या बखरींत?

आमचा हात त्या बाहुल्याकडे गेला. तें उचलून आम्हीं मुठींत घेतलें, आणि व्याख्यानाचें पहिलें वाक्य जिभेवर आलें. तेवढ्यांत दाराकडे लक्ष गेलें. चिरंजीव नुकतेच कचेरींतून आले होते. खांद्यावरची पिशवी तशीच होती. ते आमच्याकडे पाहत नव्हते. ते आमच्या मुठीकडे पाहत होते. मुद्रेवर राग नव्हता. त्या पाडव्याच्या संध्याकाळींही तो नव्हता.

किती वेळ गेला सांगतां येत नाहीं. नातू म्हणाला, ‘आजोबा, काय झालें?’

आम्हीं मूठ उघडली आणि म्हटलें, ‘ह्याची पगडी चुकली आहे.’

पिशवी खालीं ठेवून चिरंजीव आंत आले. ‘मग दुरुस्त करूं या, अण्णा,’ असें म्हणून त्यांनीं मेजाच्या खणांतून एक डबी काढली. तींत निळी व पिंवळी अशा दोन पट्ट्या होत्या. त्या एकत्र मळल्या कीं हिरवट लुकणी होते आणि कांहीं तासांत दगडासारखी घट्ट बनते. तो मळण्याचा, बोटांस चिकटूं नये म्हणून पाणी लावण्याचा, सुईनें घडी पाडण्याचा सराईतपणा पाहून आम्ही चकित झालों. विचारतां कळलें कीं, छंद मुळीं नातवाचा नव्हेच. शिक्षणासाठीं परगांवीं राहत असतां चिरंजीवांनीं पहिली पलटण रंगविली. मेजावरील अर्धें सैन्य त्यांचें आहे, नातवाच्या जन्माच्या आधींचें. आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं. आम्हीं कधीं विचारलेंही नव्हतें.

पगडीस तीन रात्री लागल्या. जुनें पागोटें चाकूनें तासून काढावें लागलें. पेशवाई पगडीचा घेर, कपाळावरचें टोंक आणि माथ्यावरची बांधणी आम्हीं कागदावर मोठी काढून दाखविली. मटाराएवढ्या डोक्यावर ती उतरविली चिरंजीवांनीं. पहिली फार मोठी झाली, दुसरी वाळतांना कलली. तिसरी साधली. दात विचकलेलें तोंड नातवानें लुकणीचा कण लावून मिटविलें आणि वर मिशा काढल्या. लाल रंग आम्हीं स्वतः दिला. हात कांपतो म्हणून चिरंजीवांनीं मनगटाखालीं पुस्तक ठेविलें. रंग थोडा कपाळावर उतरला आहे. तो पुसूं नये असें नातवाचें मत पडलें. घाम दिसतो म्हणे.

मध्यंतरीं एका सकाळीं नातू आम्हांस हॉर्सेल कॉमनवर घेऊन गेला. वाळूची खाण पाहिली. आतां तेथें पाणी सांचतें आणि मुलें कुत्रीं घेऊन येतात. त्याच माळाच्या दुसऱ्या टोंकास विटांची एक चौकोनी भिंत व घुमटाचें प्रवेशद्वार दिसलें. पहिल्या महायुद्धांत जखमी होऊन इंग्लंडांतील इस्पितळांत वारलेल्या हिंदी मुसलमान शिपायांची ही दफनभूमि. वोकिंगास १८८९ सालची मशीद आहे. लायटनर ह्या पंडितानें येथें पौर्वात्य विद्येची संस्था काढली तेव्हां भोपाळच्या शाहजहान बेगमेच्या द्रव्यसाहाय्यानें ती बांधविली. तिच्यामुळें दफनासाठीं हें गांव निवडलें गेलें. (हिंदु व शीख शिपायांस ब्रायटनजवळच्या टेंकडीवर अग्नि दिला, तेथें १९२१ सालीं छत्री उभारली.) १९६८ सालीं येथील अस्थि जवळच्या ब्रुकवुडच्या लष्करी दफनभूमींत नेल्या, आणि ह्या भिंतींच्या आंत २०१५ सालीं एक शांत बाग केली. आंत पांढऱ्या सालीचीं उंच झाडें आहेत. नातू म्हणाला, ‘हीं सत्तावीस आहेत. एकेका शिपायासाठीं एक. हिमालयांतून आलीं.’ आम्हीं एका झाडाची सुटलेली साल हातांत धरली तेव्हां ओळख पटली. भूर्ज! ज्या भूर्जपत्रांवर काश्मिरांत आमच्या पोथ्या लिहिल्या गेल्या तें झाड आम्हीं जन्मभर शब्दांत शिकविलें, आणि पाहिलें तें येथें. मंगळवासी जेथें उतरले तेथून जवळच, आणि ती कादंबरी निघाल्यावर वीस वर्षांच्या आंत, हे परके खरोखर येऊन निजले होते. कादंबरींत ह्या मशिदीचा कळसही उडतो. तेथें कोणी नमाज पढत असेल काय, हें तींत सांगितलेलें नाहीं.

परत येतांना नातवानें विचारलें, ‘हे शिपाई मेजावर ठेवूं का?’ आम्हीं म्हटलें, ‘ठेव. पण हमाल म्हणून नको.’

रविवारीं युद्ध झालें. मेजावर इंग्लंडचें खेडें जाऊन गंगेचा कांठ आला. साल १८५८ धरलें. ब्रह्मावर्ताच्या घाटाजवळ मंगळाचें नळकांडें पडलें आहे. हत्ती इंग्रजांचा नव्हे, नानासाहेबांचा, हें आमच्या हट्टावरून ठरलें. पलटण चिरंजीवांकडे, तीन त्रिपादें नातवाकडे, नानासाहेब आमच्याकडे. नियम ‘द सोर्ड अँड द फ्लेम’ ह्या १९७९ सालच्या अमेरिकन पुस्तकावरून घेतलेले. त्यांत कोणाची पाळी केव्हां येईल तें पत्ते उलटून ठरतें आणि किती इंच चालावें तें फांसे सांगतात. वेल्स यांस तें रुचलें नसतें, पण युद्धांत हुकूम वेळेवर पोंचत नाहीं हें त्यानें चांगलें कळतें. हत्तीचें बाष्पपात्र दर पाळीस एक फांसा टाकून तपासावयाचें. एक पडला तर फुटलें.

चिरंजीवांनीं तहाचें बोलणें लाविलें: दोघे मिळून मंगळावर चालून जाऊं. आम्हीं नाकारलें. पेशव्यांनीं तैनाती फौजेचा अनुभव एकदां घेतला आहे, असें उत्तर धाडलें. नातू खदखदून हंसला, आणि त्याच पाळीस त्याच्या उष्णकिरणानें आमचे अकरा स्वार झोपविले. तिसऱ्या पाळींत हत्ती उतारांतून पलीकडे गेला. चौथींत त्यानें एका त्रिपादाचा पाय मोडला, आणि आमच्या तोंडून जी आरोळी निघाली ती ऐकून आमच्या मंडळी जिना चढून वर आल्या. पांचवींत एक पडला. नानासाहेब हत्तीसकट गेले. पलटणीनें पुलावर आणखी दोन पाळ्या दम धरिला आणि मग तीही संपली. मंगळवासी जिंकले.

नातू झोंपल्यावर आम्ही दोघे सामान आवरीत होतों. हत्ती आडवा पडला होता. नानासाहेब मेजाच्या खालीं सांपडले, पगडी शाबूत. तांब्याच्या जहाजाची तार सैल झाली होती, ती चिरंजीव पकडीनें पिळीत होते. आम्हीं विचारलें, ‘त्या किल्ल्यावरच्या विमानाला पंख किती होते रे? दोनच ना?’

तार पुरी पिळून होईपर्यंत ते बोलले नाहींत.

‘चार, अण्णा. मागचे दोन लहान होते,’ असें म्हणून त्यांनीं जहाज जागेवर लाविलें आणि कुंचले धुवावयास नेले.